शुगर त्यांची, हार्मोन्स आमचे

आमच्या ओट्यावर हल्ली सात वाट्या मांडलेल्या असतात. पहिलीत भिजवलेली मेथी, दुसरीत अळशी, तिसरीत भोपळ्याच्या बिया, चौथीत तीळ, पाचवीत सूर्यफुलाच्या बिया, सहावीत जिऱ्याचं पाणी. सातवीत काय आहे ते मला विचारू नका. ती पूड सासूबाईंच्या मावसबहिणीने खामगावहून पाठवली आहे आणि वास बघता ती गुणकारी असणारच. पोळपाट ठेवायला जागा उरलेली नाही. मी पोळ्या वॉशिंग मशीनवर लाटते.

कारण घरातल्या बायकांचे हार्मोन्स बिघडलेत.

सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांना थायरॉइड आहे. (थायरॉइड सगळ्यांनाच असते, पण आपल्याकडे 'तिला थायरॉइड आहे' एवढं म्हटलं की समोरचा चुकचुकतो.) मी ४७ वर्षांची, म्हणजे 'त्या वयातली'. लेक १९ वर्षांची, पीसीओडीवाली. तीन पिढ्या, तीन फायली. चौथे आमचे हे, वय ५३. त्यांना तसं काही नाही. त्यांना फक्त शुगर आहे.

सगळे उपाय नैसर्गिकच करायचे, हा ठराव ह्यांनी मांडला, सासूबाईंनी अनुमोदन दिलं आणि अंमलबजावणी माझ्याकडे आली. बियांचं वेळापत्रक तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दिलं. पाळीच्या पहिल्या दिवसापासून चौदा दिवस अळशी आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे चौदा दिवस तीळ आणि सूर्यफूल. रोज ताजं दळायचं, आदल्या दिवशीचं चालत नाही. आता माझी पाळी कधी वीस दिवसांनी येते, कधी दोन महिने तोंड दाखवत नाही. लेकीची गेल्या वर्षी चारदाच आली. मग पहिला दिवस धरायचा कुठला? काकूंकडे त्याचंही उत्तर होतं. "अमावास्येपासून धरा." म्हणजे जिची पाळी अठ्ठाविसाव्या दिवशी ठरल्यासारखी येते तिने बिया खाव्यात, आणि जिची येत नाही तिने चंद्राची पाळी पकडून खाव्यात. आमच्या कॅलेंडरवर 'गॅस लावला' आणि 'कामवाली नाही' यांच्या मधल्या चौकोनात आता 'तीळ सुरू' असं लिहिलेलं असतं.

बियांशी माझं वैर नाही. तंतू आहेत, चांगली स्निग्धता आहे, चटणीही छान होते. पण अळशी पहिल्या पंधरवड्यात आणि तीळ दुसऱ्या पंधरवड्यात खाल्ल्याने शरीरातले हार्मोन्स रांगेत उभे राहतात, याला धड पुरावा नाही.

दुसरी अडचण पोटाची. हे सगळं अनशापोटी घ्यायचं असतं. मेथीचं पाणी अनशापोटी, जिऱ्याचं पाणी अनशापोटी, खामगावची पूड कोमट पाण्यातून अनशापोटी. पोट एक आणि रिकामेपणावर हक्क सांगणारे तीन. पहिलं पोटात गेलं की दुसऱ्याला ते रिकामं कसं मिळणार, हे कोणताही व्हिडिओ सांगत नाही. यात ज्या एका गोष्टीला खरोखरच रिकामं पोट लागतं, ती सासूबाईंची थायरॉइडची गोळी, ती मात्र त्या चहाबरोबर घेतात. डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय की गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, निदान अर्धा तास चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी. त्यावर सासूबाईंचं म्हणणं, "चहा काय आज पितेय का मी?" शिवाय आयोडीनचं मीठ 'केमिकलचं' म्हणून त्यांनी बंद करवलं आणि प्रदर्शनातून गुलाबी सैंधव आणलं. आपल्या देशात गलगंडाच्या विरोधात सरकारी मोहीम १९६२ साली सुरू झाली आणि मिठात आयोडीन घालून घालून कित्येक जिल्ह्यांतल्या सुजलेल्या माना उतरल्या. आमच्या घरात ती मोहीम दोनशे रुपये किलोने मागे घेण्यात आली.

तिसरी अडचण झोप. मला रात्री तीनला जाग येते. छातीपासून वाफ निघते आणि कानापर्यंत चढते, गाऊन भिजतो, मी पंखा पाचवर करते, हे झोपेतच तो दोनवर आणतात. चारला डोळा लागतो. पाचला गजर होतो, कारण बिया ताज्या दळायच्या असतात. मिक्सर घरघरायला लागला की ज्या फोनवर व्हिडिओ चालू असतो त्यातली बाई शांत आवाजात सांगते, "हार्मोन्ससाठी आठ तास झोप अत्यंत आवश्यक आहे, मैत्रिणींनो." ती मैत्रीण बिया कोणाकडून दळून घेते हे मला एकदा विचारायचं आहे.

तर, हार्मोन. १९०५ साली लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने हा शब्द व्याख्यानात पहिल्यांदा वापरला. मूळ ग्रीक, अर्थ चेतवणे, हलवून जागं करणे. रक्तातून इकडून तिकडे निरोप नेणारं रसायन, एवढीच कल्पना. ज्या रसावरून ती सुचली तो लहान आतड्यात तयार होतो आणि पचनासाठी स्वादुपिंडाला कामाला लावतो. म्हणजे या शब्दाचा जन्म जेवण पचवण्याच्या खटपटीतून झाला, आणि जेवण पुरुषही करतात.

त्याच स्वादुपिंडातून इन्सुलिन येतं. इन्सुलिन हाही हार्मोनच. ते कमी पडलं किंवा असूनही शरीर त्याला दाद देईनासं झालं, की रक्तातली साखर वाढते. मी हे एका संध्याकाळी ह्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, "अहो, म्हणजे तुमचाही हार्मोनल इम्बॅलन्सच की."

"ते वेगळं," हे म्हणाले.

"वेगळं कसं?"

"मला शुगर आहे."

आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींवर रुग्ण आहेत. एवढे हार्मोन्स बिघडलेले असून कुणाच्या तोंडी 'हार्मोन' शब्द नाही. शुगर हा प्रतिष्ठित आजार आहे. लग्नात शुगरवाल्यांसाठी वेगळं गोड असतं. साहेब ऑफिसात खेकसले तर "सरांचं जेवण लांबलं असेल, शुगर लो झाली असेल" असं म्हणतात. मी खेकसले तर 'हार्मोन्स'. ह्यांचा पेन हरवला आणि घर डोक्यावर घेतलं तो दिवस शुगरचा. मी तोच पेन शोधून दिला आणि दोन शब्द बोलले, तो दिवस हार्मोन्सचा.

हे आमच्याच घरात चालतं असं नाही. १९७० साली अमेरिकेत एडगर बर्मन नावाचे डॉक्टर डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका समितीवर होते. बाईला मोठ्या पदावर बसवणं धोक्याचं, कारण तिचे हार्मोन्स, असं त्यांचं मत. वर उदाहरण दिलं: रजोनिवृत्तीच्या वयातली बाई राष्ट्राध्यक्ष असती आणि तिला बे ऑफ पिग्जचा निर्णय घ्यावा लागला असता तर? बराच गदारोळ झाला आणि डॉक्टरांना समिती सोडावी लागली. आता गंमत बघा. क्युबातल्या बे ऑफ पिग्जवरची ती चढाई १९६१ साली प्रत्यक्षात केनेडींनी मंजूर केली आणि ती पार फसली. या केनेडींना अ‍ॅडिसन्स हा आजार होता. त्यात अधिवृक्क ग्रंथी पुरेसे हार्मोन्स बनवत नाहीत, म्हणून ते रोज स्टिरॉइड घेत. थायरॉइडची गोळीही चालू होती. म्हणजे त्या सबंध प्रकरणात हार्मोन्स बिघडल्याची खात्रीशीर नोंद असलेला एक पुरुष आहे. त्यांच्याबद्दल कुणी म्हटलं नाही की "त्या वयात पुरुषांचं असं होतं."

लेकीचं प्रकरण जास्त लांबलं. सोनोग्राफीवाल्याने 'गाठी' हा शब्द उच्चारला आणि सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. त्या गाठी नसतात. अंडाशयात अर्धवट वाढून थांबलेल्या पुटिका असतात, मोत्यांसारख्या ओळीने. शिवाय नुसत्या त्या दिसल्या म्हणून पीसीओडीचं निदान होत नाही. पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त, आणि सोनोग्राफीतलं हे चित्र, या तिनांतल्या दोन गोष्टी लागतात, असं २००३ साली रॉटरडॅमला डॉक्टरांनी बसून ठरवलं. अगदी कोवळ्या पोरींची तर त्यासाठी सोनोग्राफी करूच नये असं आता सांगतात, कारण त्या वयात असं चित्र निरोगी मुलीतही दिसतं. हा त्रास दहा जणींमागे साधारण एकीला असतो. काकूंनी मात्र एका वाक्यात विषय मिटवला. "लग्न झालं की होईल सुरळीत." जावयाचा इतका औषधी उपयोग असेल तर तो मेडिकलमध्ये का मिळत नाही?

डॉक्टरांनी तिला रोज घाम येईल असं चालायला सांगितलं, वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी पाळी मार्गावर येऊ शकते म्हणाल्या, तीन महिने पाळी आली नाही तर न चुकता दाखवायला या म्हणाल्या, आणि एक गोळी लिहून दिली. मला म्हणाल्या, "तुमचं वय आहे, बायकांची साधारण छेचाळीस-सत्तेचाळिशीत थांबते. पण वर्षभर थांबून मग लाल दिसलं तर त्याच आठवड्यात यायचं. मेथी भिजवत बसायचं नाही."

गोळी बघून हे अस्वस्थ झाले. "एकोणिसाव्या वर्षी हार्मोनच्या गोळ्या? सवय लागेल. नैसर्गिक काहीतरी बघा."

मी ह्यांच्या ड्रॉवरमधली स्ट्रिप आणली आणि तिच्या स्ट्रिपशेजारी ठेवली. मेटफॉर्मिन ५००. मेटफॉर्मिन ५००. कंपनीही एकच. पीसीओडीच्या पुष्कळ मुलींचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, जसं ह्यांचं देत नाही, म्हणून औषधही तेच. ह्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"नाव सारखं असलं म्हणून काय झालं? माझी शुगरची आहे."

निसर्गाचीच हौस असेल तर या गोळीचं मूळही एका झुडपात आहे. गॅलेगा नावाची जांभळट फुलांची वनस्पती, युरोपात जुन्या काळापासून औषधात वापरात होती. तिच्यातल्या द्रव्याच्या मागावरून जाता जाता मेटफॉर्मिन हाती लागलं आणि १९५७ साली एका फ्रेंच डॉक्टरने ते मधुमेहासाठी वापरून दाखवलं. आणि माझ्यासारख्या 'त्या वयातल्या' बायकांसाठी १९४२ पासून अमेरिकेत जी हार्मोनची गोळी मिळते आहे, प्रीमरिन, ती गाभण घोड्यांच्या मुतापासून काढतात. नावच त्यावरून आहे. याहून नैसर्गिक काय हवं? हे ऐकून सासूबाईंनी नाकाला पदर लावला. त्याच हाताने मग अशोकारिष्टाचं टोपण भरलं. आंबवल्यामुळे अरिष्टात आपोआप अल्कोहोल तयार होतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. पण अक्षर बारीक आहे आणि सासूबाईंचा चष्मा जुना.

डॉक्टरांनी लिहिलेल्या उपायांत खरा नैसर्गिक एकच, चालणं. ह्यांचं चालणं रोज सकाळी सहाला असतं. मैदानावर शुगरवाल्यांचा ग्रुप आहे, टी-शर्टही छापलेत. परत येतात तेव्हा चहा गाळलेला असतो आणि मधुमेहाची नाचणीची भाकरी तव्यावर. सहाला मला चालायला जायचं तर चहा कोण गाळणार, हा प्रश्न मी घरात मांडला. त्यावर सर्वांनी गांभीर्याने विचार केला आणि मला संध्याकाळी गच्चीवर चालायला सुचवलं, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये. लेक सातला गच्चीवर जाते, तर काकू तिला विचारतात, "एकटीच?"

परवा रात्री जेवण झाल्यावर ह्यांच्या लक्षात आलं की आपली स्ट्रिप संपली. मेडिकलवाला शटर ओढून गेलेला. सकाळी लेकीच्या स्ट्रिपमध्ये एक गोळी कमी निघाली. तिने विचारलं, "बाबा, तू घेतलीस?"

हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, माझीच गोळी आहे ती."