खिडकीतून वृक्षज्ञान : नवशिक्यांसाठी

साहित्य : एसटीतली खिडकीची सीट आणि तुमच्याहून कमी कळणारा एक शेजारी. हंगाम : माघ-फाल्गुन.

बस घाटाला लागली की उतारावर एखादे निष्पर्ण, लालभडक झाड दिसेल. लगेच ‘गुलमोहर!’ म्हणून ओरडू नये. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आणि आपल्याकडे तो फुलतो ऊन चांगले तापल्यावर. तेव्हा उमेदवार तीनच : पळस, पांगारा, काटेसावर.

रंगावर जाऊ नका. धावत्या बसमधून तिघेही सारखेच पेटलेले दिसतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण तर अजिबात काढू नका. एक तर बहराच्या दिवसांत झाडावर पाने नसतात, आणि असली तरी पांगाऱ्यालाही तीनच. सावरीला एका देठावर पाच ते सात असतात, पण तीही आत्ता गळालेली.

म्हणून आधी झाड उभे कसे आहे ते बघा. सरळसोट खोड आणि मजल्यामजल्याने जवळजवळ आडव्या निघालेल्या फांद्या : सावर. खुज्या चणीचे, वाकडेतिकडे, आणि माळावर आणखी चार वाकड्या भाऊबंदांसह : पळस. याला सरळ वाढणे ठाऊकच नाही. या दोन्हींत न बसणारे, फांद्यांच्या टोकांनाच लाल तुरे मिरवणारे दिसले, तर खुशाल पांगारा म्हणा. शेजारी हरकत घेणार नाही.

बस बंद पडली (हा योग दुर्मीळ नाही) तर उतरून खातरजमा करावी. सावरीचे फूल चांगले तळहाताएवढे : पाच जाड, मांसल पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचा झुबका. पडतानाही ते अख्खेच पडते, धप्पकन. झाडाखाली उभे राहून व्याख्यान देऊ नये. पळसाचे फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखे वळलेले, देठाकडे काळपट मखमली. पांगाऱ्याचे लालबुंद, त्याची एक पाकळी बाकीच्यांहून कितीतरी मोठी.

काटे दिसले तर पळस बाद. पण काटे नाहीत म्हणून सावर बाद करू नका : तरुणपणी ती अंगभर काटे बाळगते, आणि जुन्या सावरीच्या बुंध्यावरचे बरेचसे झडलेले असतात. पक्ष्यांची साक्ष कुचकामी. मैना, बुलबुल, शिंजीर मधासाठी तिघांकडेही जातात.

क्वचित पिवळ्या फुलांचा पळसही दिसतो. त्या वेळी शेजाऱ्याला डुलकी लागली असेल तर उठवू नये.