धनगराला शिकवू नका

लांडगा वाचवायचा म्हटलं की आपल्याकडे पहिलं काम ठरलेलं: मेंढपाळाचं प्रबोधन. लांडगा निसर्गाचा मित्र आहे, असं पत्रक त्याच्या हातात ठेवायचं. ज्या माणसाच्या मेंढरांवर लांडग्याच्या पिढ्या जगल्या, त्यालाच लांडग्याचं महत्त्व सांगायचं. हे थांबवा.

देशात लांडगे उरलेत सुमारे तीन हजार. २०२२च्या गणनेत वाघ ३,६८२ होते. म्हणजे लांडगा वाघापेक्षा दुर्मीळ. कायद्यानं दोघांना सारखंच संरक्षण आहे, पण वाघाला राखीव जंगल मिळालं आणि लांडग्याला मिळाला पुणे, नगर, सोलापूरकडचा उघडा माळ. तिथं चिंकारा आणि ससे कमी, शेळ्यामेंढ्या जास्त. त्याचं पोट बरंचसं आपल्या जितराबावर चालतं. या जनावराचा खरा खर्च सरकार करत नाही. धनगर करतो.

इंग्रजांनी लांडग्याच्या डोक्यावर बक्षीस लावलं होतं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाखांवर लांडगे मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा हिशेब आहे. त्यातूनही माळावरचा लांडगा टिकला. त्यात मेंढपाळाच्या रोजच्या कामाचा वाटा मोठा आहे. दिवस मावळताना कळपाभोवती वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावायची, कोकरं वेगळी कोंडायची, कुत्री मोकळी सोडायची, रात्री आळीपाळीनं जागायचं. एवढं करूनही एखादं मेंढरू गेलं, तर काही जण तो लांडग्याचा वाटा मानून पुढच्या तळाकडे निघतात. रागाच्या भरात बिळात धूर करून पिल्लं मारणारेही आहेत. तो गुन्हाच आहे, त्यावर पांघरूण नको. पण सगळे तसे असते, तर आज माळावर एकही लांडगा दिसला नसता.

राखणीचं हे काम एकदा मोडलं की काय होतं, ते युरोपात पाहा. जर्मनीत लांडगा संपला होता. २०००च्या सुमारास तो पोलंडकडून परतला, पुन्हा पिल्लं झाली. मधल्या काळात राखणीची कुत्री गेली, रात्रीची जाग गेली, कळप बिनधास्त उघड्यावर राहू लागले. मग विजेच्या कुंपणाला अनुदान द्यावं लागलं आणि तरीही ओरड थांबली नाही. २०२२मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन यांचं तट्टू लांडग्यानं मारलं. डिसेंबर २०२४मध्ये वन्यजीव संरक्षणाच्या बर्न करारातल्या देशांनी लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आणलं. रोमानियाच्या डोंगरात मात्र लांडगा कधी गेलाच नाही, म्हणून कुत्री आणि राखणही गेली नाही. हिंस्र जनावराबद्दलची सहनशीलता भाषणातून येत नाही. रोजच्या राखणीत ती टिकते, राखण सुटली की तीही सुटते.

आणि आपण नेमकी ही राखणच मोडतो आहोत. सरकारी नकाशात गवताळ माळाची नोंद ‘पडीक’. पडीक म्हटलं की चर खणा, गिरिपुष्प लावा, कुंपण घाला, चराई बंद करा. २०१९च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. गवत हीसुद्धा निसर्गाचीच संपत्ती आहे, याची आठवण फार थोड्यांना झाली. उरलेल्या माळावर प्लॉट पडतात आणि पोल्ट्रीच्या कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात. त्या कुत्र्यांचे रोग लांडग्यात जातात, पुण्याजवळ तर लांडगा आणि कुत्र्याचा संकरही सापडला आहे. धनगराची पोरं मेंढरं विकून गाडीवर ड्रायव्हर होतात. त्यांना दोष कसा देणार?

सरकारी भरपाईच्या यादीत लांडगा आहे. पण पंचनामा होईपर्यंत मेलेलं मेंढरू जागेवर ठेवायचं, कागद जमवायचे, कचेरीत खेटे घालायचे. ज्याचा तळ उद्या दुसऱ्या शिवारात असेल, त्यानं हे कधी करायचं? मोबाइलवरच्या फोटोवर पंचनामा धरा आणि पैसे आठवड्याच्या आत खात्यात टाका. कळप कोणत्याही तालुक्यात असो, तिथंच अर्ज घ्या. वन खात्याच्या माळांवर ठरावीक महिने चराईचा हक्क लिहून द्या. ती पत्रकं वाटायचीच असतील, तर माळाला पडीक ठरवणाऱ्या कचेऱ्यांत वाटा.