दुसरा आणि चौथा शनिवार

आमचे दाजी डाएटवर असतात. ‘आहेत’ नव्हे, ‘असतात’. कुणी सांगलीला असतं, कुणी पाटबंधारे खात्यात असतं, तसे दाजी डाएटवर असतात. आक्काला फोन केला आणि मागून ‘अगं, काकडी सोलू नको, सालीसकट दे’ असं ऐकू आलं, की समजायचं, आज सोमवार ते शुक्रवार यांच्यातलं काहीतरी आहे. काकडीच्या जागी खोबरं-खसखस वाटणारा मिक्सर घरघरला, तर रविवार. शनिवारचं जरा गुंतागुंतीचं आहे, ते पुढे सांगतो.

दाजी कोल्हापूरचे. एका बँकेत चौतीस वर्षं कॅशवर बसले, हेड कॅशियर होऊन निवृत्त झाले. संध्याकाळी रोकड पैशाला पैसा जुळल्याशिवाय त्यांनी कधी घरचा रस्ता धरला नाही. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी दहा किलो उतरवायला सांगितले, आणि त्याच संध्याकाळी दाजींनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबडी वही आणली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला खाल्लेलं, नावे बाजूला चाललेलं, आणि मध्ये ऐसपैस ‘तपशील’.

सहा दिवस हा माणूस खरोखर व्रतस्थ असतो, हे मी शपथेवर सांगेन. सकाळी पाच बदाम. ते नोटा मोजल्यासारखे अंगठ्यानं सरकवत दोनदा मोजतात. एकदा सवयीनं अंगठा ओला करायला स्पंजची डबी शोधताना मी त्यांना पाहिलंय. दुपारी ज्वारीची एक भाकरी, मुगाची उसळ, ताक. समोर मी श्रीखंडपुरी खात असलो तरी नजर ढळत नाही. फक्त विचारतात, “पाव्हणं, वेलदोडा घातलाय का जायफळ?” आणि उत्तर ऐकून भाकरीचा पुढचा तुकडा मोडतात.

अडचण सुरू झाली ती दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीच्या एका वाक्यापासून. ती बिचारी म्हणाली होती, “काका, आठवड्यातून एक वेळ मनासारखं जेवलात तरी चालेल.” एक वेळ! दाजींनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्या वेळेचा वार केला होता. वार म्हणजे रविवार. आता रविवार किती वाजता लागतो? दाजींच्या मते त्याची सुरुवात इंग्रजी पद्धतीनं धरावी, म्हणजे शनिवारी रात्री बाराच्या ठोक्याला. शेवट मात्र पंचांगाप्रमाणे, सोमवारच्या सूर्योदयाला. असा तीस तासांचा रविवार कोल्हापुरात आक्काच्या घरी साजरा होतो. थंडीत तो आणखी लांबतो.

भाचीनं एकदा या प्रकाराला ‘चीट डे’ म्हटलं. दाजींचा चेहरा उतरला. “चीट? म्हणजे फसवणूक? चौतीस वर्षं कॅशवर बसलोय, एका रुपयाची अफरातफर नाही. ह्याला हॉलिडे म्हणायचं.”

आणि हॉलिडे म्हटल्यावर तो बँकेच्या नियमानंच आला. २०१५च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळू लागली. “संघटनेनं भांडून मिळवलेली सवलत हाय. ती पोटाला लागू नको?” त्यावर पुन्हा परक्राम्य संलेख कायद्याखालच्या सुट्ट्या. १ जानेवारीला त्या वर्षीची यादी फ्रिजवर चिकटते. गुढीपाडवा, ईद, गुरुनानक जयंती, नाताळ: जिभेच्या बाबतीत दाजींइतका सर्वधर्मसमभाव पाळणारा माणूस मी पाहिलेला नाही. ईदला मागच्या गल्लीतून शिरखुर्मा आणि नाताळला ओळखीच्या घरातून केक येतो. दोन्ही ठिकाणी रिकामा डबा परत जात नाही, त्यातून आक्काच्या चकल्या जातात. एकादशी-संकष्टीचा या यादीशी संबंध नाही. ते उपास, म्हणजे डाएटच. साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटात लोळत आलेली असली म्हणून काय झालं! ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण दाजींसमोर काढू नये. ते म्हणतात, “म्हणी काढणाऱ्यांना काय, बसल्या बसल्या काढतात.”

मध्यंतरी, म्हणजे २०१८च्या सुमारास, मराठी घरांत दीक्षित आणि दिवेकर अशी उभी फूट पडली होती, ती आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, तूप खा, आपल्या मातीतलं खा, थोडं थोडं पण वेळेवर खा. भाऊ-भाऊ जेवणाच्या ताटावर एकमेकांशी बोलेनासे झाले. दाजींनी दोघांचाही मान राखला. दीक्षितांचं दोन वेळचं जेवण घेतलं, कारण ५५ मिनिटं हा आकडा त्यांना फार आवडला. “बँकेत अर्ध्या तासात डबा संपवायचो, इथं पंचावन्न मिनिटं देतायत!” दिवेकरांचं तूप घेतलं. आणि दोन जेवणांच्या मध्ये भूक लागली की दिवेकरांच्याच आधारे गूळ-शेंगदाणे घेतले. तीन महिन्यांत दोन किलो वाढले. दाजींनी कुणालाच दोष दिला नाही. म्हणाले, “दोन्ही सल्ले बरोबर हायत. जॉइंट अकाउंट उघडलं, ती चूक माझी.”

एक रविवार मी त्यांच्यासोबत सुरुवातीपासून काढला आहे. पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर. दाजी झपझप चालतात, त्यात लबाडी नाही. चालून झालं की पावलं आपसूक गंगावेशीकडे वळतात. तिथं दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाचा ग्लास हातात देतात. दाजींच्या मिशीवर पांढरी रेघ उमटते. “कॅल्शियम,” एवढंच म्हणतात. मग मिसळ. कट वेगळा, ब्रेडच्या स्लाइस वेगळ्या. मोडाची मटकी, म्हणजे प्रोटीन. तर्रीचं तेल वर तरंगतं, ते दाजी चमच्यानं बाजूला करतात, आणि शेवटी बाजूला केलेलं वाया कसं घालवायचं म्हणून ब्रेडनं पुसून घेतात. मग मटणाची रांग. रांगेत दाजींना सगळे ओळखतात. “पुढचा पाय द्या, दोन चापा, आणि नळी विसरू नका, पाव्हणं आलेत.” मी आलेला नसलो तरी पाव्हणं आलेले असतात, असं त्या दुकानदारानं मला हसत हसत सांगितलं.

दुपारी एकला पान मांडलं जातं. आधी पांढरा. नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ यांनी जड झालेल्या त्या रश्श्याबद्दल दाजींचं शास्त्रीय मत असं, की तो पातळ असतो. पातळ पदार्थात कॅलरी थांबणार कुठं? पहिली वाटी ते पितात, दुसरी आक्का वाढते. तिसरीच्या वेळी ते माझ्याकडे बघतात. मलाही तिसरी हवी असते, पण यजमानानं आधी हात पुढे केल्याशिवाय बहिणीच्या घरी आपण कसा करायचा? म्हणून मी म्हणतो, “घ्या हो दाजी, आज रविवार.” दाजी सुस्कारा सोडतात. “आता तुम्ही म्हणताय तर…”

जेवल्यावर ते झोपत नाहीत. झोप डाएटला वाईट. फक्त पाठ टेकतात, ती साडेपाचला उचलतात. रात्री जेवण बंद. पण दहाच्या सुमारास स्वयंपाकघरात दिवा लागतो आणि पातेल्यावरचं झाकण हळूच सरकल्याचा आवाज येतो. मी गेलो तर म्हणाले, “उद्या सोमवार. उद्या मला हे चालायचं नाही, आणि अन्न टाकलेलं मला बघवत नाही.” दाराशी उभी असलेली आक्का काही न बोलता भात गरम करू लागली.

सोमवारी सकाळी वजनकाटा. तो दाराजवळच्या एका फरशीवरच ठेवायचा, कारण तिथं चारशे ग्रॅम कमी दाखवतो. घड्याळ काढायचं, चष्मा काढायचा, श्वास सोडायचा. चष्मा काढल्यामुळे आकडा दिसत नाही, तो भाचीनं वाचायचा. “बाबा, दीड किलो वर.” दाजी शांत. “चरबी नव्हे ती. पाणी हाय, पाणी.”

गंमत म्हणजे हे खरं आहे. भाची याच विषयातलं शिकली आहे. ती सांगते, की एका रात्रीत दीड किलो चरबी चढत नाही. किलोभर चरबीला साधारण ७,७०० कॅलरी वर खाव्या लागतात. मीठ आणि भात-ब्रेड जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवतं, दोन-तीन दिवसांत ते उतरतं. एवढं ऐकून दाजी उठायला लागतात; पुढचं त्यांना ऐकायचं नसतं. पुढचं असं : “बाबा, सहा दिवस तुम्ही रोज चारेकशे कॅलरी वाचवता. झाल्या चोवीसशे. त्या तुम्ही रविवारी पहाटेच्या दुधापासून रात्रीच्या रश्श्यापर्यंत फेडून मोकळे होता. दुपारचं एकच जेवण मनासारखं घ्या, बाकी दिवस रोजच्यासारखा ठेवा, तरी वजन उतरेल.” मला हे पटतं. दाजींनाही पटतं. ते मान हलवतात आणि म्हणतात, “एक जेवण म्हणजे हाफ डे झाला की गं. हाफ डे बँकेनंच बंद केलाय.”

पाण्याचा मुद्दा कोल्हापूरकराला शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात तिथं लहान पोरही राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सांगतं : ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. दाजींनी तेच आकडे इंचात करून कमरेला लावलेत. पट्ट्यावर बॉलपेननं दोन खुणा आहेत. सणासुदीत आक्काला फोन केला की ती सांगते, “एक्केचाळीसवर आहेत, पाऊस चालू आहे.”

दाजींचं वजन खरोखर उतरलं ते एकदाच. २०१९च्या अखेरीला मटणाच्या दरावरून कोल्हापुरात आंदोलन पेटलं आणि शहरात काही दिवस विक्रीच थांबली. गिऱ्हाइकांच्या बाजूनं दाजी पोटतिडकीनं बोलत होते. तिडीक पोटातूनच येत होती. त्या दिवसांत अडीच किलो गेले. वहीत त्या पानावर तपशिलात एकच शब्द आहे : ‘संप’.

आणि जे असं गेलं ते आम्ही परत केलं. यात माझ्या आईचा हात मोठा. जावई म्हणजे नारायण, आणि अधिक महिन्यात नारायणाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही तिची श्रद्धा. २०२३ साली श्रावण अधिक आला. आईनं ऐंशीच्या पुढच्या वयात तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, गुळात पीठ मळलं, खसखशीवर थापून तुपात एकेक अनारसा तळला. दाजी पुण्याला आले. पुरणाचे धोंडे जेवले. वाणाचं ताट हातात घेताना त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, कॅलरींमुळे. “मोरॅटोरियम,” माझ्या कानात म्हणाले. २०२०च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेनं कर्जाच्या हप्त्यांना सवलत दिली होती, तसा हा महिना. परतीच्या गाडीत तेहतीसांतले किती उरले ते विचारलं नाही. पण आईला त्यांनी पोचल्याचा फोन केला तेव्हा शेवटचा अनारसाही पहिल्यासारखाच जाळीदार होता, हे मुद्दाम सांगितलं.

आता हिशेब विचाराल, तर वही सुरू झाली तेव्हा दाजी ८४ किलो होते. या दिवाळीला भाऊबीजेसाठी गेलो, तेव्हाही ८४ होते. मी हसलो. डॉक्टर मात्र हसले नाहीत म्हणे. या वयात इतक्या वर्षांत वाढलं नाही हेही थोडं नव्हे, असं म्हणाले. बरोबरच आहे. ते बदाम, ती काकडी, तो रंकाळा नसता तर हा माणूस कधीच धोका पातळी ओलांडून गेला असता. दाजींना हे सांगितलं तर ते रविवार वाढवतील, म्हणून सांगितलेलं नाही.

त्याच मुक्कामात पेन शोधताना ती लाल वही हाताला लागली. उघडायची नव्हती, उघडली. जमेच्या बाजूला सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं, रात्री दहाच्या भातासकट. ‘तपशील’ या सदरात मात्र कुठेही ‘भूक’ नव्हती, ‘इच्छा’ नव्हती. ‘सौ.च्या समाधानासाठी.’ ‘शेजारचा मान.’ ‘सासूबाईंची श्रद्धा, खात्यात धरू नये.’ आणि ‘पाव्हण्यांचा आग्रह.’ चार दिवसांच्या माझ्या मुक्कामात हा आग्रह अकरा वेळा लिहिलेला होता. मी बसून एकेक नोंद आठवून तपासली. अकराही बरोबर होत्या.