खांदेमळणी

पन्नाशी ओलांडली की माणसाला स्वतःच्याच घराची उंची नव्याने कळते. फडताळाचा वरचा कप्पा, माळ्यावरचं पुरणयंत्र, छताजवळच्या कपडे वाळत घालायच्या दांड्या, या सगळ्या वस्तू वर्षानुवर्षं जिथल्या तिथं असतात आणि एका रात्रीत वीतभर वर सरकतात. हात निघतो ऐटीत, पण मध्येच कळ येते आणि तो मुकाट्याने खाली येतो. मग आपण घरातल्या उंच माणसाला हाक मारतो. उंच माणूस मोबाइलमध्ये असतो.

आपण ‘खांदा दुखतो’ म्हणतो खरे, पण नेमकं कुठं ते बोटाने दाखवायला सांगितलं तर बोट दंडाच्या बाहेरच्या अंगाला जातं. खांद्यातल्या कंडरांचा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांचा, हा जुना खोडसाळपणा आहे. बिघाड वर, ठणका खाली. शिवाय या दुखण्याचं वेळापत्रकही उलटं. दिवसभर कामाच्या रगाड्यात ते निमूट असतं आणि मध्यरात्री आपण त्या कुशीवर वळलो की तोंड उघडतं.

दोष खांद्याच्या बांधणीतच आहे. पण गुणही तिथलाच. खुब्याच्या हाडाला खोल खोबण मिळालेली असते. खांद्याची खोबण अगदीच उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर शाळेच्या लिंबू-चमचा शर्यतीतल्या लिंबासारखा टेकलेला असतो. त्यामुळेच आपल्याला वेणी घालता येते, पाठ खाजवता येते, धावत्या रिक्षाला हात करता येतो. लिंबू पडू नये याची जबाबदारी चार स्नायूंवर आहे: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. नावं लॅटिन, काम हमालाचं. या चौघांच्या कंडरा एकत्र येऊन हाडाच्या गोळ्याला वेढा घालतात, तो रोटेटर कफ. त्यातल्या पहिल्याच्या नशिबी जागाही अडचणीची आली आहे. खांद्याच्या टोकाचं हाड आणि दंडाचा गोळा यांच्यामधल्या जेमतेम सेंटिमीटरभर फटीतून त्याची कंडरा जाते आणि सगळ्यात जास्त कुरकुरतेही तीच.

तिला कुरकुरायला लावणारी कामं फार पराक्रमाची नसतात. सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर २००६ साली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा अख्खा देश हळहळला. आमच्या खांद्यांना असा इतिहास नाही. रंगारी छताला ब्रश लावतो, शिक्षिका फळ्याच्या वरच्या ओळीपासून लिहायला लागते, लोकलमधला माणूस कडीला लोंबकळत विरारपर्यंत जातो. आणि दोन खोल्यांच्या घरातली बाई काठीने कपडे वाळत घालते. हा प्रकार ज्यांनी केला नाही त्यांना तो सोपा वाटतो. ओली चादर काठीच्या टोकावर तोलून धरायची, मान मागे टाकायची, दांडीवरून पलीकडे अलगद सोडायची, काठीनेच तिच्या चुण्या काढायच्या, आणि हे सगळं हात डोक्याच्या वर ठेवून, तोंडावर ठिबकणारं पाणी सोसत. एका चादरीने काही होत नाही. पण घरात माणसं असतात, माणसांना कपडे असतात आणि कपडे रोज मळतात. त्यात वय वाढतं तशी कंडरा झिजते, तिला रक्तपुरवठा मुळातच बेताचा, झालेली झीज भरून यायला वेळ लागतो. मधुमेह आणि तंबाखू या दोघांचा हातभार वेगळा.

निदान आधी शेजारी होतं. ‘वहिनी, शीर चढलीय, उतरवून घ्या.’ ‘हा वात आहे, वांगं बंद करा.’ ‘डावा खांदा ना? आधी ईसीजी काढा.’ या शेवटच्या सल्ल्याला मात्र हसू नये. छातीत दडपण, घाम, धाप आणि सोबत डाव्या हातात कळ असेल, तर खांद्याची चर्चा थांबवून थेट इस्पितळ गाठावं. कधी दोष मानेतल्या दबलेल्या नसेचा असतो आणि खांद्याला फुकटचा बोल लागतो.

खरे डॉक्टर आधी हात हलवून बघतात. ‘काकू, हात बाजूने वर न्या. दुखायला लागलं की सांगा.’ साधारण साठ अंशांना दुखायला लागतं आणि एकशेवीसच्या पुढे गेलं की ओसरतं. म्हणजे त्रास मधल्या टप्प्याचा, संसारात असतो तसाच. मग हात पुढे, अंगठा खाली. ‘समजा हातातला डबा ओतून रिकामा करताय. आता मी वरून दाबतो, तुम्ही दाबू द्यायचं नाही.’ आयुष्यभर कुणाला दाबू दिलं नाही अशा बायकांचाही हात इथे खाली जातो. शेवटी डॉक्टर स्वतःच रुग्णाचा हात उचलून बघतात. कंडरेचा त्रास असेल तर आपल्याला न उचलता येणारा हात दुसऱ्याला बऱ्यापैकी उचलता येतो. दुसऱ्यालाही उचलता येत नसेल, बाहेरच्या बाजूला वळवताही येत नसेल, तर सांध्याचं वेष्टणच आखडलं आहे, म्हणजे फ्रोजन शोल्डर. तो वेगळा पाहुणा. मधुमेहींकडे जास्त येतो, कधी वर्ष-दोन वर्षं मुक्काम ठोकतो आणि बहुतेक वेळा आपणहून काढता पाय घेतो.

एवढ्याने आपलं समाधान होत नाही. फोटो हवा असतो. एक्स-रेत हाडं दिसतात, कंडरेत साचलेलं कॅल्शियम दिसतं, पण कंडरा दिसत नाही. ती सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसते, आणि कधी कधी नको इतकी दिसते. १९९५ साली अमेरिकेत शेर आणि सहकाऱ्यांनी खांदा मुळीच दुखत नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ३४ टक्के लोकांच्या कंडरा कुठे ना कुठे फाटलेल्या निघाल्या. साठीच्या पुढच्यांत तर ५४ टक्के. ही मंडळी मजेत होती. तेव्हा रिपोर्टमध्ये ‘टेअर’ हा शब्द वाचून मृत्युपत्र करायला बसायचं कारण नाही. सुरकुत्यांचा फोटो काढला तर सुरकुत्या दिसणारच. दुखण्याशी त्यांचा संबंध आहे की नाही, हे हात उचलून पाहणाराच सांगू शकतो. मात्र पडल्यावर अचानक हात उचलताच येईनासा झाला, तर ते प्रकरण निराळं. तिथे चालढकल नको. मोठी ताजी फाट वेळेत शिवावी लागू शकते.

उपचारांचा इतिहासही माणसाच्या स्वभावाला धरून आहे. १९७२ साली चार्ल्स नीअर या अमेरिकी शल्यविशारदांनी सांगितलं, की वरचं हाड कंडरेवर घासतं, म्हणून हाडाचा खालचा भाग तासून जागा करावी. ऐकताक्षणी पटावं असंच हे होतं. फट अरुंद आहे, रुंद करा. सुताराने दार तासावं इतकं सोपं. जगभर खांदे तासले गेले. २०१८ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. तीनशेहून जास्त रुग्णांचे तीन गट केले होते. काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना शस्त्रक्रियेविना ठेवलं. तिन्ही गटांना बरं वाटू लागलं. तासलेल्यांना नुसत्या दुर्बिणीवाल्यांपेक्षा जास्त बरं वाटलं नाही आणि काहीच न केलेल्यांशी तुलना केली तरी फरक जाणवण्याजोगा नव्हता.

हे वाचून बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन वर कुठेतरी मिशीत हसले असतील. खांद्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९३४चा, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी एकच धोशा लावला होता: उपचार केल्यावर रुग्णाला पुढेही गाठा आणि गुण आला का ते विचारा. सहकाऱ्यांना हा आग्रह मानवला नाही. विचारलं की उत्तर मिळतं, ही त्यात अडचण.

मग उरतं काय? जे कुणालाच आवडत नाही ते. दुखेल ते काम थोडे दिवस कमी करायचं, पण हात गळ्यात बांधून बसायचं नाही. पोटाला सोसत असतील तर काही दिवस वेदनाशामक गोळ्या. फारच ठणका असेल तर स्टेरॉइडचं इंजेक्शन, जे काही आठवडे आराम देतं आणि मधुमेहींची साखर काही दिवस वर नेतं. ते वारंवार घेणं कंडरेला मानवत नाही. आणि व्यायाम. टेबलावर एक हात टेकून वाकायचं आणि दुसरा नुसता लोंबता ठेवून छोटी वर्तुळं काढायची. हा प्रकार कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. दाराच्या कडीला रबरी पट्टी बांधून कोपर कुशीला चिकटवून ओढायची. दोन्ही हातांत काठी धरून बऱ्या हाताने दुखऱ्याला वर न्यायचं. काठी कुठली घ्यावी असा प्रश्न मला पडला नाही. हे सगळं रोज, आणि गुण आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी मोजायचा.

इथेच घोडं पेंड खातं. आपल्याला उपचार करून घ्यायला आवडतात, करायला नाही. दुसऱ्याने चोळावं, शेकावं, टोचावं, लेप लावावा, आपण डोळे मिटून ‘हाय’ म्हणावं. मराठवाड्यात, विदर्भात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. जू वाहून घट्टे पडलेले खांदे गरम पाण्याने शेकतात, त्यांना हळद आणि तूप चोळतात, आणि पोळ्याला त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वर्षाकाठी एकदा का होईना, कुणीतरी त्यांच्या खांद्यांची आठवण ठेवतं. आपल्याला ही सोय नाही. आपल्या खांद्याचे बैलही आपणच आणि धनीही आपणच, त्यामुळे धन्याचा आळस बैलाला भोवतो.

माझा हात आता बराचसा वर जातो. शेजारच्या मावशींनी दांडीवरची चादर पाहून लगेच विचारलं, ‘कुठलं तेल लावलंस गं?’ मी व्यायामाचं सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. हातचं राखून सांगतेय असंच त्यांना वाटलं. म्हणून मग म्हटलं, ‘तिळाचं. पण ते लावून भिंतीशी उभं राहायचं, बोटांनी भिंत चढायची आणि उतरायची, सकाळ-संध्याकाळ, तीन महिने. खंड पडला तर तेल लागू पडत नाही.’

मावशी खूश होऊन तेल आणायला गेल्या.