भाऊबंदकी फिलाडेल्फियाची

"आधी एवढंच सांग, पट्टा कुणाकडं गेला?"

काकू पिंपळाच्या प्रदक्षिणा घालून आल्या होत्या आणि पूजेचं ताट घरात ठेवायच्या आधीच कुंपणाशी थांबल्या होत्या. आज सोमवती अमावास्या. पहाटे साडेचारपासून माझ्या कॉटवर पाय दुमडून बसलेली ही बाई साडेसातला 'देवाचं ते देवाचं' म्हणत उठली, आणि खरी झुंज नेमकी त्यानंतर लागली.

"कोडीकडं," मी म्हटलं.

"अगं बाई! म्हणजे पोरानं बापाचं राहिलेलं पुरं केलं."

"केलं. रोमन रेन्सचे 1316 दिवस संपले."

"ठरलेलं असतंय ते," सोप्यातून अण्णांचा आवाज आला. अण्णा तरुणपणी तालमीत होते, हे आमच्या गल्लीत कुणाला विसरू देत नाहीत. "नुरा कुस्ती नुसती. खासबागेत असलं कुणी केलं असतं, तर लोकांनी दोघांनाही मैदानाबाहेर काढलं असतं."

"अण्णा, ठरलेलं असतं हे आता शेंबडं पोरही सांगतं," मी म्हटलं. "कोण जिंकणार ते कुणीतरी आधी लिहून ठेवतं, मान्य. पण लिहून ठेवलं म्हणून चापट लागत नाही होय? काल त्या सामी झेनची छाती बघायला पाहिजे होती तुम्ही. गुंथर हात उचलायचा आणि इथं आमच्या भांड्यांवर आवाज यायचा."

रेसलमेनिया या अमेरिकन कुस्तीच्या मेळ्याची ही चाळिसावी खेप. शनिवार आणि रविवार अशा दोन रात्री, फिलाडेल्फियाच्या उघड्या स्टेडियमवर, कडाक्याच्या थंडीत. आपल्याकडं दोन पहाटा. दोन्ही रात्री मिळून 1,45,298 माणसं आली, असं ही कुस्ती चालवणारी कंपनीच सांगते. सगळ्या झुंजींपैकी मला शेवटपर्यंत लक्षात राहणार आहे ती कालची सामी आणि गुंथरची. गुंथर ऑस्ट्रियाचा, अंगानं दांडगा, बोलणं मोजकं. इंटरकॉन्टिनेंटल पट्टा 666 दिवस त्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता. सामी त्याच्या निम्मा दिसतो. समोर पहिल्या रांगेत सामीची बायको आणि मुलगा. गुंथर त्याला आपटायचा आणि मान वळवून बायकोकडं बघून बोलायचा.

"ते मला नाही आवडलं," काकू म्हणाल्या. "बायकापोरांना कशाला मध्ये घ्यायचं?"

"तेच तर काम त्याचं. तुमच्या मनात राग आला ना? मग त्यानं पैसे वाजवून घेतले. आणि सामीनं तरी काय केलं? उलटून मारायची घाई केली नाही. मार खात राहिला, खात राहिला, आपल्याला वाटलं आता उठत नाही. मग कोपऱ्यात ती धावत येऊन मारलेली लाथ. पंधरा मिनिटांत संपली. एक डाव जास्तीचा नाही."

अण्णा उठून दारात आले. "छाती लाल झालेली?"

"रक्त फुटायचं बाकी होतं."

"हां," म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. म्हटलं तर एवढंच, पण गुंथरला पास केलं त्यांनी.

काकूंना मात्र छातीपेक्षा नात्यांत रस. परवापासून त्या रोमनच्या सामोअन घराण्याचं कोडं सोडवत बसल्या होत्या. "मला एक सांग, हा रोमन त्या जे-जिमी जुळ्यांचा भाऊ म्हणतात, पण तू म्हणालीस त्यांच्या बापाचं नाव रिकिशी. मग?"

"रिकिशीची आई ही सीकाची बहीण. सीका म्हणजे रोमनचा बाप."

काकूंनी ताट कुंपणावर ठेवलं आणि बोटांवर मोजलं. "म्हणजे रोमन रिकिशीचा मामेभाऊ. मग तो या पोरांचा काका लागतो की! भाऊ कसला? काकानं पुतण्यांना राबवून घेतलं म्हण."

टीव्हीवर हिंदीत बोलणाऱ्यांनाही हे इतक्या स्वच्छ सांगता आलेलं नाही. 2020 मध्ये या काकानं पिंजऱ्यातल्या झुंजीत एका पुतण्याचा, म्हणजे जेचा, दुसऱ्यासमोर आणि दुसऱ्याच्या जिवावर कबुलीजबाब घेतला. जिमीचा गळा आवळला, तेव्हा जेनं हार मानली. मग घरातल्या दोन वडीलधाऱ्यांनी रोमनच्या गळ्यात लाल माळ घातली, आणि तेव्हापासून हा घराचा कर्ता. जेवणाच्या टेबलावरची मुख्य जागा त्याची. बाकीच्यांनी मान हलवायची. पुढं जे वेगळा निघाला, तर जिमीच त्याच्यावर उलटला. धाकटा तिसरा भाऊ सोलो, तो काकाकडंच राहिला.

"आणि रॉक?"

"रॉक रक्ताचा नाही. त्याच्या आईचे वडील आणि रोमनचे आजोबा हे मानलेले भाऊ."

"मानलेलं नातं असंच," काकू म्हणाल्या. "रक्ताच्यापेक्षा जास्त मिरवतात."

एवढी सगळी भाऊबंदकी तापवून ठेवल्यावर काल जुळ्या भावांची झुंज लावली, आणि ती किती नीरस व्हावी! तांबडा रस्सा म्हणून वाढला आणि ताटात नुसतं गरम पाणी. अकरा मिनिटांत याची लाथ त्याच्या हनुवटीवर, त्याची लाथ याच्या हनुवटीवर, पुन्हा याची. मध्ये जिमी गुडघ्यावर आला, माफी मागितली, डोळे भरले. जेनं ऐकून घेतलं, तर त्याच क्षणी लाथ. तेवढा एक क्षण बरा. बाकी, ज्या दोघांनी जन्मभर एका बाजूनं झुंजी केल्या, त्यांना समोरासमोर उभं राहायचंच जमेना. जे जिंकला. कुणी जिंकला असता तरी चाललं असतं, आणि हीच त्या झुंजीची गत.

कालची शेवटची जोड म्हणजे कोडी आणि सेथ रॉलिन्स एका बाजूला, रॉक आणि रोमन दुसऱ्या बाजूला. चव्वेचाळीस मिनिटं. मला विचाराल तर त्यातली पंधरा रॉकच्या बघण्यात गेली. तो प्रेक्षकांकडं बघतो, मग आभाळाकडं, मग प्रतिस्पर्ध्याकडं, मग परत प्रेक्षकांकडं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, दम लागणारच, त्यात पाप नाही. पण मग झुंज छोटी ठेवावी. शेवटी त्यानंच कोडीला चीत केलं, आणि त्यामुळं आजच्या झुंजीला कसलेही नियम राहिले नाहीत. कुणीही यावं, कुणालाही मारावं.

"त्या रॉकला मी माफ करणार नाही," काकू म्हणाल्या. "आईवर गेला तो."

खरं आहे. मार्चमध्ये शिकागोत भर पावसात त्यानं कोडीला रक्तबंबाळ केलं आणि कोडीच्या आईच्या नावाचा पट्टा काढून त्याला ते रक्त पुसलं. ही आई काही गोष्टीसाठी आणलेली नाही. कोडीचे वडील डस्टी ऱ्होड्स, 'प्लंबरचा पोरगा' म्हणून ज्यांनी उभ्या अमेरिकेला वेड लावलं, त्यांची ही खरीखुरी बायको. डस्टी लोकांचे लाडके होते, पण या कंपनीचा मोठा पट्टा त्यांच्या कमरेला कधी लागला नाही. 2015 मध्ये गेले. वर्षभरानं कोडी कंपनी सोडून गेला, बाहेर जाऊन भागीदारीत दुसरी कंपनी उभी केली, 2022 ला परत आला. गेल्या साली लॉस एंजेलिसमध्ये पट्टा हाताशी आला होता, तर सोलोनं मध्ये पडून घालवला. आणि यंदा फेब्रुवारीत त्याची जागा रॉकला द्यायचं घाटत होतं. लोकांनी इतका आरडाओरडा केला, की गोष्ट बदलावी लागली.

"बघा अण्णा," मी म्हटलं, "ठरलेलं असतं म्हणता. ठरवलेलं लोकांनी मोडून काढलं की हे."

"मग ते तरी ठरवूनच नसेल कशावरून?" अण्णा म्हणाले.

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी आजच्या सकाळकडं वळले. काकूंनी पहिलं सगळं पाहिलं होतंच. ड्रू मॅकिंटायर सेथला दहा मिनिटांत आडवा करून विजेता झाला आणि हौस न फिटल्यासारखा समालोचनाच्या टेबलावर बसलेल्या सीएम पंकसमोर जाऊन त्याला चिडवत बसला. पंकचा हात बांधलेला. त्याच पंकनं ड्रूला ठोकलं, मागून डेमियन प्रीस्ट आला, आणि सहा मिनिटंही झाली नसतील, पट्टा गेला. काकू त्या वेळी इतक्या जोरात हसल्या, की माझा नातू झोपेतून उठला. तो मग लोगन पॉलच्या झुंजीसाठी जागाच राहिला. एक पोरगा शीतपेयाच्या बाटलीचा वेश घालून नाचत आला, आणि रँडी ऑर्टननं त्या बाटलीला मानेला धरून टेबलावर आपटलं. कुस्ती म्हणून त्यात विशेष काही नाही, पण सात वर्षांच्या माणसाचं वर्षाचं भांडवल झालं.

बायकांच्या झुंजींत बेली आणि इयो स्कायची मला जास्त भावली. बेलीनंच ती टोळी जमवली, आणि त्याच जपानी मैत्रिणी तिच्यासमोर बसून जपानीत तिची टिंगल करायच्या. हिला काही कळत नाही असं समजून. हिला सगळं कळत होतं.

"अगदी आपल्या भिशीतल्यासारखं," काकू म्हणाल्या आणि पलीकडच्या घराकडं एक नजर टाकून आवाज खाली आणला. नावं घेतली नाहीत, पण मला कळलं.

"मग शेवटचं सांग नीट. मी गेल्यावर काय काय झालं?"

सांगितलं. आधी जिमी मध्ये घुसला, त्याला जेनं उचलून घेऊन वाटेवरून खाली उडी टाकली. मग सोलो. मग जॉन सीना धावत आला, त्यानं काका-पुतण्या दोघांना उचलून आपटलं. त्याच्या समोर रॉक येऊन उभा. दोघं एकमेकांकडं बघत राहिले, आणि रॉकनं सीनाला झोपवलं. मग एकाएकी अंधार आणि घंटेचा टोला.

"अंडरटेकर!" काकूंनी कपाळाला हात लावला. "आणि मी पिंपळाला फेऱ्या मारत होते! आमच्या थोरल्याकडं त्याचा खेळायचा पत्ता होता. छाती किती, दंड किती, उंची किती, सगळं पाठ. शाळेत तर कुणीतरी सांगितलेलं, हा सात वेळा मेलाय."

"आज आठव्यांदा उठला. दिवे लागले तेव्हा रॉकच्या मागं उभा. नरड्याला धरून उचलला आणि टाकला."

"बरं झालं. अमावास्या त्याला लागू पडली."

हे सगळे पाहुणे जरा जास्तच झाले, हे मी कबूल करते. पण माझं लक्ष एकाच गोष्टीत अडकलंय. मध्ये सेथही आला होता, दहा वर्षांपूर्वीचे जुने काळे कपडे घालून. रोमन, सेथ आणि त्यांचा एक तिसरा साथीदार तेव्हा सख्ख्या भावांसारखे राहायचे, आणि 2014 मध्ये सेथनंच रोमनच्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली होती. आज रोमनच्या हातात खुर्ची, एका बाजूला कोडी आडवा, दुसऱ्या बाजूला सेथ. कोडीला मारली असती तर पट्टा राहिला असता. रोमन थांबला, बघितलं, आणि सेथच्या पाठीत घातली. तेवढ्यात कोडी उठला. एकामागून एक तीन वेळा तोच डाव, आणि एक, दोन, तीन. मग आई आली, बायको आली, सगळे रडले.

"मूर्ख," अण्णा म्हणाले. "हातातली कुस्ती सोडून मागची उधारी वसूल करत बसला."

"मूर्ख कसला? माणूस आहे तो," काकू उसळल्या. "दहा वर्षं पाठीत सलत असेल. तुम्ही नाही का बांधाच्या एका फुटासाठी धाकट्या भावजींशी चौदा वर्षं बोलत नाही? कोर्टात किती घातले, सांगू का हिला?"

अण्णा आत गेले.

"ती खुर्ची मला आवडली," मी हळूच म्हटलं. "बाकीचं सगळं लिहिणाऱ्यानं चांगलंच लिहिलं होतं. पण हे लिहिणाऱ्याच्या घरात नक्की भाऊबंदकी असणार."

"लिहितं कोण आता? तो म्हातारा तर गेला ना?"

"व्हिन्स मॅकमहन? हो, जानेवारीत पद सोडलं. गंभीर आरोपांचा दावा झालाय. तो म्हणतो सगळं खोटं. आता काय दाखवायचं ते जावई ठरवतो, ट्रिपल एच. आज सुरुवातीला लेक येऊन बोलली ना, ती स्टेफनी."

"सासऱ्याची गादी जावयाकडं, आणि लेकीला दोन मिनिटं माईक," काकू म्हणाल्या. "याची झुंज कधी लावतायत?" मग ताट उचललं, दोन पावलं गेल्या, परत आल्या. "रॉक आता गप्प बसतोय होय? सगळ्यांसमोर आपटून घेतलंय त्यानं."

"उद्या 'रॉ' आहे. तिथं काहीतरी निघेल. साडेपाचला लागतं."

"उद्या पाडवा!" आतून अण्णा ओरडले. "गुढी उभारायची का कुस्त्या बघायच्या?"

"सूर्य सव्वासहाच्या पुढं उगवतोय," काकू माझ्याकडंच बघत म्हणाल्या. "पाऊण तास मिळतो. काठी मी आजच धुऊन ठेवते. साखरेची माळ आणि कडुलिंब तेवढं तुझ्या मुलाला आणायला सांग, आणि कुंपणाची कडी आतून लावू नकोस."