शेठचे साहेब कसे व्हावे?

धंदा उत्तम चालला आहे, तरी लोक अजून 'शेठ'च म्हणतात? मग समाजसेवेची वेळ झाली.

सुरुवात वाढदिवसापासून करावी. फ्लेक्सवर 'भावी नगरसेवक' असं आपण छापू नये. ते 'मित्रपरिवार' छापतो, बिल तेवढं आपण द्यावं. महापुरुष वर, आपण मध्यभागी. नेत्याची जागा मात्र एबी फॉर्म हातात पडेपर्यंत रिकामी ठेवावी. मग वह्यावाटप, नेत्रतपासणी, अष्टविनायकाची बस. दर्शन बाप्पाचं, पण पाण्याच्या बाटलीवर चेहरा आपला.

2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. सोडतीत आपलाच प्रभाग गेला म्हणून खचू नये. वहिनींची समाजसेवेची जुनी आवड त्याच संध्याकाळी उफाळून येते.

खरी मेख कंत्राटात आहे. महापालिकेच्या कामात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असला, मग तो आडून का असेना, की नगरसेवक अपात्र. आमदारकीला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 9-अ आडवं येतं: राज्य सरकारशी चालू कंत्राट नको. कायदा फार चांगला. त्याच्यामुळे मराठी समाजात मेहुण्याला प्रतिष्ठा आली. कालपर्यंत डंपरवर ताडपत्री बांधणारा मेहुणा अर्ज भरायच्या आत नोंदणीकृत ठेकेदार होतो. रस्ता तोच, डांबर तितकंच पातळ, पाटीवर नाव त्याचं. शिवाय शपथपत्रात मालमत्ता सांगायची ती स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची. मेहुणा अवलंबित नसतो. अवलंबून आपण असतो.

राहता राहिला खर्च. विधानसभेच्या उमेदवाराला मर्यादा 40 लाखांची. निवडणूक कार्यालय चहा-वडापावचेही दर ठरवून देतं, त्यामुळे रात्रीची बिर्याणी वहीत वडापाव म्हणून उतरते. व्यापाऱ्याला हे शिकवायला नको. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब मात्र द्यावाच. नाही दिला तर आयोग 3 वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. ही वही लिहायला विश्वासू माणूस बसवावा. मेहुण्यावर विसंबू नये. शेजारच्या प्रभागात एव्हाना त्याचा मित्रपरिवार तयार झालेला असतो.