प्लग लावला का?

असा एक माणूस तुमच्याही ओळखीचा आहे. पुण्यात तो 'गिझर बंद केला का' असं विचारत फिरतो. सोलापुरात टाकी वाहायला लागली की 'मोटर बंद करा' म्हणून गल्लीभर ओरडतो. तोच माणूस एडमंटनला स्थायिक झाला की त्याचा अण्णा होतो आणि नोव्हेंबरपासून मार्च संपेपर्यंत, दिसेल त्याला, नमस्काराच्याही आधी विचारतो, "प्लग लावला का?"

ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांना थोडक्यात सांगतो. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात गाडीच्या पुढच्या जाळीतून एक काळी वायर लोंबत असते. ती भिंतीवरच्या सॉकेटला जोडायची. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या हीटरला जातं, तो आतलं कूलंट तापवतो आणि सकाळी इंजिन सुरू होतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, गाडी विजेवर चालते. चालत नाही. विजेवर नुसती झोपते.

थोडक्यात सांगायचं ते एवढंच. अण्णांना थोडक्यात सांगता येत नाही.

अण्णा मूळचे सोलापूरचे. मे महिन्यात दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसतो अशा गावात वाढलेल्या माणसाने इंजिन गरम ठेवण्याला आयुष्य वाहून घ्यावं, याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पेशाने अकाउंटंट. वाहन मात्र डिझेलचा पिकअप ट्रक, वजन तीन टनांहून जास्त. मी शेजारी राहतो, आणि त्या ट्रकमधून उतरताना पाहिलेलं सर्वांत जड सामान म्हणजे कणकेची पिशवी. "कमिन्सचं इंजिन आहे," अण्णा बॉनेटवर थाप मारून सांगतात, "म्हणजे आपलंच." पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स निघाली, त्यावरून ही आपुलकी. अहो, पण तुमच्या ट्रकचं इंजिन अमेरिकेत, इंडियानात तयार होतं, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "होत असेल," अण्णा म्हणाले. "माहेर कोथरूडच."

त्यांचं व्याख्यान मला पाठ आहे. "पेट्रोलच्या गाडीत ठिणगी असते. डिझेलला ठिणगी नाही. हवा सोळा-सतरा पट दाबायची, दाबली की ती तापते, मग तिच्यात डिझेल सोडायचं, की पेटलं. आता लोखंडच उणे तीसला असेल तर ते तापलेल्या हवेची ऊब पिऊन टाकणार. मग पेटणार काय, कपाळ?" यानंतर तेल येतं, जे थंडीत काकवीसारखं होतं. मग बॅटरी, जिची ताकद उणे अठराला निम्म्यावर येते. मध्येच लडाखचे ट्रकवाले येतात, टाकीखाली जाळ करून गोठलेलं डिझेल वितळवणारे. त्यांच्या आठवणीने अण्णांच्या अंगावर काटा येतो. डिझेल गोठलं तर ब्लॉक हीटरचा काही उपयोग नाही, कारण तो इंजिन तापवतो, टाकी नाही, हेही ते सांगतात, पण आवाज उतरवून, घरातलं एखादं दुखणं सांगावं तसं. आणि शेवटी हिशेब : "साडेसातशे वॅट. चार तास. तीन युनिट. टायमर लाव."

रात्रभर प्लग चालू ठेवणारा त्यांच्या लेखी उधळ्या, अजिबात न लावणारा बेजबाबदार. स्वतः त्यांनी टायमर लावलेला आहे. तो पहाटे तीनला हीटर सुरू करतो. अण्णाही तीनला उठतात. टायमर सुरू झाला का, ते बघायला.

नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स गावचे अँड्र्यू फ्रीमन यांच्याबद्दल अण्णा असे बोलतात, की ते सोलापुरात नव्या पेठेत राहत होते असं वाटावं. या गृहस्थांनी तांब्याची नळी आणि जुन्या इस्त्रीतलं कॉइल घेऊन इंजिन तापवायचं साधन तयार केलं आणि १९४९ साली त्याचं पेटंट मिळवलं. "इस्त्री!" अण्णा दर वेळी नव्याने थक्क होतात. "साधी कपड्यांची इस्त्री!" आतून वहिनींचा आवाज येतो, "त्या फ्रीमननं निदान हातात तरी धरली."

कुठे काय विचारावं याचा पोच अण्णांना नाही. एका बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगत होती, तेव्हा बाळाच्या बापाच्या कानाशी अण्णा लागले होते. बापाचा चेहरा पाहूनच आम्हाला कळलं, काय विचारलं ते. तो बिचारा पाळणा सोडून जाकीट चढवून बाहेर गेला. अण्णांच्या आई एका वर्षी इथे होत्या. दसऱ्याला ट्रकची पूजा झाली. त्या माउलीने आधी प्लगला हळदकुंकू वाहिलं, मग ट्रकला. घरात मान कोणाचा, हे तिने आठवड्याभरात ओळखलं होतं. आणि हेच अण्णा एकदा घाईत प्लग न काढताच निघाले. नारिंगी एक्स्टेंशन कॉर्ड रस्त्यावरून फरफटत मागे. सिग्नलला लोक हॉर्न वाजवून खुणा करत होते. इतक्या लोकांना आपण ओळखतो याचा आनंद होऊन अण्णा सगळ्यांना हात करत पुढे गेले. तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही.

आमच्यातल्या एकाचे वडील नाशिकला वारले. त्याचं पहाटेचं विमान. आम्ही रात्री भेटायला गेलो, सगळे गप्प. अण्णांनी त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "एअरपोर्टला प्लगवालं पार्किंग घे." वहिनींनी डोळे मिटून घेतले. बाहेर पडल्यावर आम्ही सगळ्यांनी अण्णांना यथेच्छ नावं ठेवली, त्यात माझा वाटा मोठा होता. तो मित्र तेराव्यानंतर परत आला, मध्यरात्री, उणे बत्तीसमध्ये, दोन रात्रींच्या प्रवासाने मोडलेला. गाडी एका किल्लीत सुरू झाली. घरी पोचल्यावर तो गाडीतच बराच वेळ रडत बसला, असं त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. अण्णांना सांगितलंस का, असं मी विचारलं. "छे," तो म्हणाला, "मग तर ते थांबायचेच नाहीत."

आता १३ जानेवारी २०२४. संक्रांत सोमवारी होती, पण परदेशात सण पंचांग बघून येत नाहीत, शनिवार बघून येतात. पारा उणे चाळीसच्या आसपास घुटमळत होता, तरी गुळाच्या पोळ्यांसाठी लोक एका घरी जमलेच. अण्णांनी आल्या आल्या यजमानांच्या गॅरेजचा ताबा घेऊन, एका सर्किटवर दोनच गाड्या या हिशेबाने वायरी पसरल्या आणि मग तिळगूळ वाटावा तसं एकेकाला विचारून घेतलं. पावणेसातच्या सुमारास खोलीतले सगळे फोन एकदम किंचाळले. प्रांतभर आणीबाणीचा इशारा आला होता : थंडीमुळे विजेची मागणी हाताबाहेर गेली आहे, आळीपाळीने वीज जाण्याचा धोका आहे, अत्यावश्यक तेवढीच वापरा. वीजपुरवठा सांभाळणाऱ्यांनी काय काय टाळायचं ते सांगितलं होतं. त्यात ब्लॉक हीटर नावानिशी होता.

सगळ्यांनी आधी अण्णांकडे पाहिलं.

अण्णांनी तो मजकूर दोनदा वाचला. पोळी ताटात ठेवली, टोपी घातली आणि बाहेर जाऊन एकेका गाडीचा प्लग काढला. स्वतःच्या ट्रकचा सर्वांत आधी. मग आत येऊन, चष्म्यावरची वाफ न पुसताच, फोन लावायला बसले. जे आले नव्हते त्यांना, कामावर होते त्यांना, ज्यांच्याशी गेल्या गणपतीपासून अबोला होता त्यांनासुद्धा. "मी अण्णा. प्लग काढा." पलीकडून काय येत होतं ते आम्हालाही ऐकू येत होतं. एकाने विचारलं, "अण्णा, तब्येत बरी आहे ना?" एका ताईंना वाटलं, अण्णांचा फोन कोणीतरी हॅक केलाय, त्यांनी खात्रीसाठी त्यांच्या आईचं नाव विचारलं.

काही मिनिटांत प्रांताची मागणी सुमारे दोनशे मेगावॅटने उतरली आणि दिवे गेले नाहीत. त्यातले साडेसातशे वॅट आपले, हे अण्णा आजही सांगतात. अकाउंटंटच तो. एवढ्या मोठ्या आकड्यातला आपला हिस्सा त्याने सोडलेला नाही.

इशारा त्याच रात्री मागे घेतला गेला. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांच्या वायरी पुन्हा लागल्या. अण्णांच्या ट्रकची लागली नाही. "सगळ्यांनी एकदम लावला तर परत तेच होईल," ते म्हणाले, "पोरांच्या छोट्या गाड्या आहेत, त्यांना लावू दे." त्या रात्री त्यांच्या खिडकीत उशिरापर्यंत उजेड होता. बहुधा पहाटे तीनलाही असावा. बघायला उठण्यासारखं काही नसलं तरी.

आणि रविवारी सकाळी तो ट्रक सुरू झाला. लगेच नाही. आधी रडला, खडखडला, पांढरा धूर ओकला, पण सुरू झाला. भिंतीपलीकडून मी सगळं ऐकलं. दाराबाहेर आलो तर अण्णा स्टिअरिंग धरून नुसते बसले होते. ट्रक चालू झाल्याने इतका खट्टू झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मला पाहून त्यांनी काच खाली केली. "रात्री चालवत आणला ना," ते म्हणाले, "त्याची ऊब राहिली असणार."

रात्री दहाला बंद केलेलं लोखंड त्या थंडीत सकाळी नऊपर्यंत ऊब धरत नाही, हे मला शिकवलं होतं ते अण्णांनीच.

"राहिली असेल," मी म्हणालो. "शेवटी कोथरूडचं इंजिन."